न हरणारा केवलराम

केवलराम कापगते यांच्या सदऱ्याच्या खिशात, चष्म्याच्या घरामागे, एक कार्ड कायम असायचं. खेळायच्या पत्त्याएवढंच, पण जरा जाड, आणि घामानं खराब होऊ नये म्हणून पातळ प्लास्टिकच्या पाकिटात घातलेलं. वैशाली नगरच्या बागेत सकाळी फिरायला येणाऱ्यांत कोणी नवा माणूस दिसला, की रामराम झाल्याबरोबर ते कार्ड बाहेर निघे.

“ओळखा, कोण हाये हा?”

कार्डावर हेल्मेट घातलेला, मानेभोवती गमछा गुंडाळलेला एक माणूस होता. मागे भट्टीचा नारिंगी उजेड, आणि झुबकेदार मिशीखाली अर्धवट हसू. ओळखायला काही कष्ट नव्हते. तीच मिशी, आता पांढरी झालेली, समोर उभी असायची.

“तुम्हीच की, कापगतेजी!”

“मी तं हावोच. खालचं वाचा.”

खाली छापलेलं असे: ‘केवलराम, भट्टीवाला. दर खेळीला एक हीट काढतो. कोणतंही संकट याला हलवू शकत नाही.’

“माह्या पोरीनं बनवला हा खेळ,” ते सांगत. “पूर्ण खेळात याले पाडणारं कोणी नाई.”

ते अगदी खरं होतं. आणि त्याच गोष्टीनं त्यांच्या पोरीची, वंदनाची, झोप उडवली होती.

वंदना चव्वेचाळीस वर्षांची. जन्म पोलादाच्या प्लांटच्या क्वार्टरमधला, बालपणही तिथेच गेलं. केवलराम स्टील मेल्टिंग शॉपमधून रिटायर झाले तेव्हा हे कुटुंब वैशाली नगरच्या स्वतःच्या घरात आलं. तिच्या लग्नाचं दोनदा जुळत आलं आणि राहून गेलं. घरच्यांनी काही दिवस उसासे टाकले, मग तेही थांबले. सुपेल्याच्या एका छापखान्यात ती लग्नपत्रिका मांडते. गणपती कुठे बसवायचा, कोणतं नाव खाली गेलं तर कोणता मामा मांडवातून उठून जाईल, हे तिला पार्टी दुकानाची पायरी चढते तेव्हाच कळतं. बोलते कमी. पण एखाद्या कामात शिरली की तिला हाक मारून उपयोग नसतो, खांद्याला हात लावावा लागतो.

काही वर्षांपूर्वी, मुहूर्त नसलेल्या दिवसांत, दुकानात भूषण आला. दुर्गच्या पद्मनाभपूरचा, रेल्वेत नोकरीला, तोंडाची टकळी सतत चालू. त्यानं खिशातून एक परदेशी कार्ड काढलं. त्यावर निळा ड्रॅगन होता.

“दीदी, याची हुबेहूब कॉपी निघेल? ओरिजिनल कुठे मिळतच नाही यार.”

वंदनानं कार्ड उलटसुलट करून पाहिलं. “नकली पत्त्यानं खेळशील तं समोरचा काय म्हणीन?”

“समोरचा काय म्हणणार? तोही नकलीच आणतो.”

तिला हसू आलं. कॉपी काढून द्यायला तिनं नाही म्हटलं, पण हा खेळ काय आहे ते सांग म्हणाली. भूषण कागदाच्या गठ्ठ्यावर बसला आणि दुपारभर सांगत राहिला. रमीसारखी सगळ्यांची एकच गड्डी नसते. प्रत्येकानं आपल्या जमवलेल्या कार्डांतून आपली गड्डी बांधायची. कार्डं बंद पुडीत येतात. फोडल्याशिवाय आत काय आहे कळत नाही. एकच दोनदा आलं की दुसऱ्याकडून बदलून घ्यायचं. काही कार्डं पैशाला पासरी, काहींसाठी माणसं रायपूरला जाऊन येतात. आणि गड्डी कितीही भारी असली तरी समोर बसून डोकं चालवावं लागतंच.

पुढचं वर्षभर वंदना त्याच्याकडून हरत राहिली. हरण्याचं तिला काही वाटत नव्हतं. तिचं लक्ष चित्रांकडे असे. सगळीकडे बर्फाचे किल्ले आणि आग ओकणारे ड्रॅगन. एक दिवस ती म्हणाली, “भूषण, आपल्या गावात आगीची काय कमी हाये? थे ड्रॅगन कावून पाह्यजे?”

तिथून तिच्या खेळाची सुरुवात झाली. नाव ठेवलं ‘हीट’. भट्टीतून एका वेळी जेवढं पोलाद निघतं त्याला प्लांटमध्ये हीट म्हणतात. लहानपणी ताटावर बसताना बाबा आज किती हीट निघाल्या ते सांगायचे. तिच्या खेळात ज्याच्या सात हीट आधी निघतील तो जिंकला. आपली माणसं आणि मशिनं मांडायची, हीट काढायच्या. समोरच्यानं संकटाची कार्डं टाकून ती पाडायची. वीज गेली, गॅस गळला, शिवनाथ नदीला पूर आला. सगळ्यांचं लाडकं संकट होतं ‘साहेबांचा दौरा’. ते पडलं की समोरच्याची सगळी माणसं एक खेळी फक्त झाडझूड करत.

पहिली कार्डं तिनं लग्नपत्रिकेच्या उरलेल्या जाड कागदावर छापली. ट्यूबलाइटसमोर धरली की मागून आरपार दिसायची, आणि भूषण मुद्दाम ट्यूबखाली जाऊन बसायचा. मग तिनं दोन कागदांच्या मध्ये काळा कागद चिकटवायला सुरुवात केली. प्रत्येक कार्डाची ताकद ती महिना-महिना तोलून पाही. जास्त झाली की कमी कर, कमी झाली की काही दुसरं दे. स्वयंपाकात मीठ पाहावं तसं चालायचं ते.

खेळ वाढला. जुनवानीत प्राची रसायनशास्त्राचा क्लास घेते. तिचा हॉल रविवारी रिकामा असे. तिथे माणसं जमू लागली: प्लांटमधले, बँकेतले, दोन नर्स, एक होमगार्ड. रिटायर झालेले अधिकारी अरुणकुमार कधीच खेळत नसत. ते फक्त गोळा करत. त्यांचा अल्बम टेबलावर उघडला की आधी हात पुसून यावं लागे.

मग तीन वर्षांपूर्वी केवलरामांचं हृदयाचं ऑपरेशन झालं. दवाखान्याच्या बाकावर बसून वंदनानं त्यांचं चित्र काढलं. एवढं एकच कार्ड असं, की जे तिनं कोणाबरोबर खेळून पाहिलं नाही, तोललं नाही. चित्राखाली ती ओळ लिहिली, कोणतंही संकट याला हलवू शकत नाही, आणि छापायला टाकलं. त्या दिवसांत दुसरी ओळ तिला सुचणं शक्य नव्हतं. केवलराम बरे होऊन घरी आले, त्यांना ते कार्ड मिळालं, आणि बागेतल्या लोकांची सुटका संपली.

वंदना विकायची त्या बंद पुड्यांमध्ये ते क्वचितच निघे, म्हणून सुरुवातीला कोणाच्या लक्षात आलं नाही. पण भूषणनं अदलाबदल करून ती जमवली, त्याचं पाहून इतरांनीही. मग कळलं की खेळ बिघडला आहे. ज्याच्या हातात केवलराम आधी आला तो जिंकला. बाकीच्या कार्डांना काही अर्थच उरला नाही. रविवारची गर्दी रोडावली. होमगार्ड यायचा बंद झाला, मग नर्स.

त्यातच दसऱ्यानंतर पहिली मोठी स्पर्धा ठरली होती. रायपूरची माणसं येणार होती, नागपूरचीही. नागपूरवाल्यांनी निरोप धाडला: ते कार्ड चालणार असेल तर आम्ही येत नाही. कोणाच्या हातात आधी म्हातारा येतो ते पाहायला एवढा प्रवास कशाला?

प्राची स्पष्ट बोलणारी. “वंदनाताई, बंद कर ते कार्ड. नाही तर स्पर्धा बंद कर. दोन्ही नाही चालणार.”

“आणि बाबाले काय सांगू?”

वंदना रोज संध्याकाळी घरी येई, बाबांच्या खिशातला तो चौकोनी उभार पाही आणि उद्या सांगू म्हणत जेवायला बसे. इकडे तिचा खेळ, तिकडे बाबांचा आनंद. एकाला हात लावला की दुसरा मोडणार होता.

शेवटी केवलरामांनीच ती वेळ आणली. एका रविवारी ती निघाली तर ते इस्त्रीचा सदरा घालून फाटकाशी उभे.

“मी येऊन राहिलो. मी कसा खेळतो थे मले पाह्यचं हाये.”

ती नाही कशी म्हणणार? स्कूटीवर मागे बसवून घेऊन गेली.

हॉलमध्ये त्यांचं स्वागत झालं ते पाहण्यासारखं. “अरे, साक्षात केवलराम!” म्हणत भूषण पाया पडला. एकानं कार्ड हातात देऊन फोटो काढला. अरुणकुमारांनी कार्डाच्या मागे सही मागितली, आणि पेन टेकवताना “जरा हलक्या हातानं” म्हणाले. भूषणच्या शेजारी त्यांना खुर्ची मिळाली. समोर प्राची होती.

प्राचीचा डाव रंगात होता. तिच्या चार हीट निघाल्या होत्या, भूषणच्या दोन. भूषणनं गड्डीतून कार्ड उचललं आणि टेबलावर ठेवलं. केवलराम. प्राचीनं एकदा पाहिलं आणि आपली कार्डं गोळा केली.

“अवो मॅडम, तुमच्या तं चार झाल्या होत्या!”

“काका, तुम्ही आलात ना. आता मी काहीही केलं तरी तुम्ही हलणार नाही. कशाला वेळ घालवायचा?”

केवलराम खुशीत मागे रेलले. “पाह्यलं?” असं सगळ्या हॉलला डोळ्यांनीच विचारून झालं. दुसऱ्या डावातही तसंच झालं. तिसऱ्यात भूषणसमोर एक नवा मुलगा बसला होता, बँकेत नुकताच लागलेला. तो तर पहिल्या दोन खेळ्यांतच उठला. पलीकडच्या बाकावरही तेच कार्ड पडलं होतं, तिथला एक जण मागे कोण बसलंय हे न पाहता म्हणाला, “आ गए बाबूजी। चलो, चाय पीते हैं।”

केवलरामांनी खुर्ची मागे सरकवली.

रात्री जेवायला बसले. वंदनाची आई, बेबीताई, पोळ्या करत होत्या. केवलराम भाजीत बोट फिरवत म्हणाले, “वंदू, मी आलो का लोक उठून जातेत.”

वंदनानं घास खाली ठेवला. आता टाळण्यात अर्थ नव्हता. नागपूरवाल्यांचा निरोप, रोडावलेली गर्दी, सगळं तिनं सांगितलं. “बाबा, थे कार्ड बंद करा लागते. नाई तं खेळ मरते.”

“मंग माह्यात काय चूक हाये?”

“तुमच्यात नाई, माह्यात. बाकी सगळ्याइले तोलून बनवलं. तुमच्या वेळी नाई जमलं मले.”

केवलरामांनी बोट भाजीतून काढलं. “मंग बंद कायले करतं? मले पडू दे. पूर आला, पडलो. गॅस गळला, पडलो. दवाखान्यात पडलोच होतो का नाई?”

“थेच तं नाई लिहू शकत मी,” वंदना म्हणाली. ती घोटभर पाणी प्यायली.

बेबीताईंनी तव्यावरची पोळी उलटली. त्यांना या खेळातलं काहीच कळत नसे, आणि त्याचं दुःखही नव्हतं. पण आज त्यांना राहवलं नाही.

“काय लिहिलं हाये वो त्याच्यावर? हा एकटा हीट काढते?”

“दर खेळीले एक,” केवलराम म्हणाले.

“एकटा! अजी, पुढच्या पाळीचा कवडू आला नाई तं तुमाले लघवीले जाता येत नोतं. एकटे म्हणे.”

“त्याची लुना चालू नसे होत.”

“लुना जळो त्याची! पोळ्याच्या दिवशी पुरण करून मी बसून राहिली. सकाळच्या ए शिफ्टचा माणूस घरी आला दिवाबत्तीनंतर. पोरं भुकेली, बैल पुजायचे राह्यले मातीचे. कावून? तं म्हणे रिलीव्हर नाई आला.”

“मंग काय भट्टी सोडून येऊ?” केवलराम तापले. एवढ्या वर्षांनीही हे भांडण ताजंच होतं. “लोखंड काय तुह्या पुरणासाठी थांबते? पुढच्या पाळीचा माणूस जागेवर येऊन उभा राह्यल्याशिवाय हालता येत नाई. आग लागो का पाणी येवो. रिलीव्हर आला, त्याले सांगितलं, मंग आपुन निघालो. हा नियम हाये. कोणी मोडला नाई थो.”

वंदना दोघांकडे पाहत होती. आपल्या कार्डावरची ओळ तिला आठवली. हलवू शकत नाही, हे तिनं बरोबर लिहिलं होतं. पण तो माणूस स्वतःच्या मर्जीनंही हलू शकत नव्हता, हे लिहायचं राहून गेलं होतं. तिनं त्याला एकट्यानं भट्टी चालवायला लावली होती, आणि तसं तर तो आयुष्यात एक दिवसही राहिला नव्हता.

ती उठू लागली. बेबीताई तिचा चेहरा ओळखून होत्या. “आधी ताट पुसून खा. मंग जा कुठं जाचं थे.”

तिनं ताट संपवलं, मगच उठली.

पुढचे काही दिवस छापखाना सुटला की भूषण घरी येई आणि दोघं डाव मांडत. नवा नियम असा: केवलराम आला की हीट काढणार, आणि कोणतंही संकट त्याला पाडणार नाही. पण दोन खेळ्या झाल्या की त्याची शिफ्ट संपली. मग हातातलं दुसरं माणसाचं कार्ड त्याच्यावर ठेवून त्याला सोडवायचं. तो गड्डीत परत जाणार आणि पुढे पुन्हा येऊ शकणार. हातात माणूसच नसेल, तर केवलराम जागेवर उभाच. हीट काढणार नाही, आणि जागाही सोडणार नाही. त्याच्या मालकाला तिथे दुसरं काही मांडता येणार नाही.

“दीदी, ये तो गजब हो गया,” भूषण म्हणाला. पहिल्यांदाच तो केवलराम हातात असून हरला होता. “आता याला आणायचं तर आधी त्याच्या सुटकेचा विचार करावा लागतो. खरं सांगू? जिंकून जिंकून बोअर झालो होतो मी.”

केवलराम खुर्ची ओढून सगळं पाहत. त्यांची एकच मागणी होती. “कवडूचं कार्ड बनव. पण थो एक खेळी उशिरा आला पाह्यजे.”

वंदनानं बनवलं. लुनाला लाथा मारणारा कवडू. त्याच्यासाठी लोकांनी नंतर दोन-दोन कार्डं मोजली.

ज्यांच्याकडे जुना केवलराम होता त्या प्रत्येकाला तिनं नवा छापून दिला. चित्र तेच, खालच्या ओळी नव्या. जुनं कार्ड टेबलावर चालणार नाही, ज्याचं त्यानं ठेवावं. अरुणकुमार आधी घाबरले, “माझं बदलणार नाही ना?” म्हणत अल्बम छातीशी धरला. आपल्याकडचं सहीवालं जुनं कार्ड आता अधिकच दुर्मिळ झालं हे कळल्यावर त्यांनी सगळ्यांना स्वतः चहा पाजला.

स्पर्धेला नागपूरवाले आले. जुनवानीचा हॉल पुरेना, बाहेर गॅलरीत बाकं लावावी लागली. होमगार्डही ड्युटी बदलून आला. वंदना टेबलांमधून फिरत लोकांच्या चेहऱ्यांकडे पाहत होती. केवलराम टेबलावर आला तरी कोणी उठत नव्हतं. उलट समोरचा पुढे वाकून बसत होता.

शेवटचा डाव भूषण आणि नागपूरच्या गीतांजली नावाच्या मुलीचा झाला. पाच-पाच हीट झाल्या होत्या. भूषणनं केवलराम मांडला. एक हीट निघाली, सहा झाल्या. गीतांजलीनं पूर आणला; केवलराम जागचा हलला नाही. हॉलमध्ये टाळ्या पडल्या. पण ती कच्ची नव्हती. तिनं दुसरं संकट पाडणारं न टाकता नुसतं काम थांबवणारं टाकलं. ‘साहेबांचा दौरा’. केवलरामाची दुसरी खेळी झाडझुडीत गेली. शिफ्ट संपली, आणि भूषणच्या हातात उरली होती फक्त मशिनं.

तो गड्डीतून कार्ड उचलत राहिला. क्रेन. पुन्हा क्रेन. मग मालगाडी.

“अरे बापू, माणूस पाठव कोणी!” मागून केवलराम ओरडले. “कवडू कुठं मेला?”

“काका,” पंच म्हणून बसलेली प्राची म्हणाली, “खेळाडूला सांगायचं नाही. नाही तर गॅलरीत बसवीन.”

“पण थो उभा हाये ना तिथं बिचारा!”

सगळा हॉल हसला, गीतांजलीसुद्धा. पण हसता हसता तिनं आपली सहावी हीट काढली, आणि पुढच्या खेळीला सातवी. भूषणनं हात वर केले. टेबलावर केवलराम जसाच्या तसा उभा होता.

संध्याकाळी केवलराम घरी पोचले ते ओरडतच. बेबीताई ओसरीत मेथी निवडत होत्या.

“हरलो!”

“मंग एवढे खुश कावून?”

“अवो, कोणी हलवलं नाई मले! पूर आला, साहेब आले, मी जागेवर. रिलीव्हरच आला नाई तं मी काय करू?”

बेबीताईंनी मेथीच्या काड्या बाजूला सारल्या. “मले काय सांगता? मले नवीन हाये का थे? हात धुवा, गरम वाढते.”

वंदना मागून आली, चपला काढल्या आणि आईशेजारी बसून मेथी निवडू लागली. नागपूरवाल्यांनी पुढच्या स्पर्धेची तारीख आत्ताच मागितली होती, तेवढं तिनं सांगितलं. आतून केवलरामांचा आवाज येत होता. ते फोनवर गोंदियाला कवडूशी बोलत होते आणि आज त्याच्यामुळे कसे हरले ते त्याला सविस्तर सुनावत होते.